तेवीस जागांची शिल्लक : १९७७ च्या निवडणुकीचा न लागलेला निकाल



मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक एकाच सुरात आहे. आणीबाणी आली, माणसे मुकी झाली, आणि संधी मिळताच त्या मुक्या माणसांनी मतपेटीतून उत्तर दिले, हा तो सूर. तो खोटा नाही. पण त्याच्या नादात आकडे नीट ऐकू येत नाहीत. निवडून द्यायच्या ५४२ जागांपैकी २९५ जनता पक्षाकडे गेल्या, काँग्रेसकडे १५४. बहुमताला २७२ लागतात. म्हणजे ज्या निकालाला आपण महापूर म्हणतो, त्यात जनता पक्षाजवळ बहुमतापलीकडे शिल्लक होती ती २३ जागांची. या २९५ मध्ये जगजीवनराम यांच्या ‘काँग्रेस फॉर डेमॉक्रसी’चे बहुतेक खासदारही धरलेले आहेत, आणि तो गट २८ जणांचा मानला जातो. शिल्लक तेवीस आणि पाहुणे अठ्ठावीस, असा हा हिशेब आहे. माझे म्हणणे असे, की त्या वर्षी दुसरा एखादा निकाल लागण्याजोगा होता तर तो काँग्रेसच्या विजयाचा नव्हता. तो त्रिशंकू लोकसभेचा होता. आणि आणीबाणी अंगावर असताना आलेली त्रिशंकू लोकसभा ही आपण समजतो त्याहून फार वेगळी गोष्ट झाली असती.

या विषयावर पहिला आक्षेप पद्धतीचाच येतो. इतिहासात जर-तरला जागा नाही, जे घडले त्याचा शोध घ्यावा, असे आपले प्राध्यापक सांगत आले. इंग्रज इतिहासकार ई. एच. कार यांनी अशा विचाराला दिवाणखान्यातला खेळ ठरवून निकालात काढले होते. मात्र हा खेळ न खेळता एकही कारण सांगता येत नाही. विश्वासराव गोळी लागून पडले म्हणून पानिपतावर फळी फुटली, असे म्हणणारा माणूस ते पडले नसते तर फळी टिकली असती, असेच बोलत असतो. फक्त मोठ्याने म्हणत नाही. जयंत नारळीकरांनी त्यांच्या कथेतल्या गंगाधरपंत गायतोंड्यांना ती गोळी हुकलेल्या जगात नेऊन सोडले. तिथे कल्पनेचा खेळ आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाचाच आहे. मॅक्स वेबर यांनी १९०६ मध्ये मॅरेथॉनच्या लढाईचे उदाहरण घेऊन हे मांडले होते : एखाद्या घटनेचे वजन कळायचे असेल तर ती मनातल्या मनात काढून पाहावी लागते. यात पथ्य एकच. जग जितके कमी बदलता येईल तितके कमी बदलायचे, आणि बदललेल्या जागी कल्पनेपेक्षा त्या काळातलीच एखादी नोंद ठेवायची. हे पथ्य पाळले नाही तर व्याख्यानाची कादंबरी होते.

या कसोटीवर नेहमीचे दोन जर-तर टिकत नाहीत. इंदिरा गांधींनी १८ जानेवारी १९७७ ला निवडणुकीची घोषणाच केली नसती तर, हा पहिला. आणीबाणीत संसदेला लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवता येत होती, आणि ती दोनदा वाढवली गेली होती. मार्च १९७८ पर्यंत कुणालाही विचारायची गरज नव्हती. पण या प्रश्नाला निवडणूक नाहीच, तेव्हा निवडणुकीबद्दल तो काही शिकवत नाही. दुसरा जर-तर असा, की मुदत संपली तेव्हाच, मार्च १९७६ मध्ये, मतदान झाले असते तर? विरोधी नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, नसबंदीचा खरा कहर अजून यायचा होता. काँग्रेस जिंकली असती यात फारसा संशय नाही. पण प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून लावलेल्या शर्यतीत कोण पहिला आला असता, हे विचारण्यात काय हशील? आपल्याला हवी आहे ती घडलेली निवडणूकच, तोच मार्च, तेच मतदार, तोच राग. बदलायचे ते फक्त विरोधकांचे जागावाटप.

कारण राग सर्वत्र सारखा नव्हता आणि एकीही सर्वत्र सारखी नव्हती. उत्तरेचे चित्र आपल्या परिचयाचे आहे. उत्तर प्रदेशाच्या ८५, बिहारच्या ५४, पंजाबच्या १३, हरयाणाच्या १० आणि दिल्लीच्या ७ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. मध्य प्रदेशात ४० पैकी एक, राजस्थानात २५ पैकी एक. रायबरेलीत स्वतः पंतप्रधान ५५,२०२ मतांनी राजनारायण यांच्याकडून हरल्या. इथे लाट होती, याबद्दल वाद नाही. तरीही तीन वर्षे मागे जाऊन त्याच उत्तर प्रदेशाची १९७४ ची विधानसभा निवडणूक पाहा. काँग्रेसला साधारण ३२ टक्के मते मिळाली आणि तेवढ्यावर ४२४ पैकी २१५ जागा. कारण चरणसिंगांचा पक्ष, जनसंघ, समाजवादी आणि काँग्रेसमधून फुटलेली संघटना काँग्रेस एकमेकांच्या पायात पाय घालून उभे होते. एक उमेदवार, एक चिन्ह ही गोष्ट केवढी मोठी होती, ते यावरून कळावे. जनता पक्षाने निवडणूक लढवली ती भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर. चार पक्षांचे रीतसर विलीनीकरण तर नंतर, १ मे रोजी झाले. तरी उत्तरेतली ही एकी मी माझ्या हिशेबात हलवत नाही. तुरुंगाच्या एकाच बराकीत दीड वर्ष काढलेल्या माणसांची ती एकी होती, आणि मोडण्यासारखे तिच्यात, निदान त्या मार्चमध्ये, काही दिसत नाही.

दक्षिणेकडे मात्र आणीबाणीविरुद्धचा कौल शोधावा लागतो. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्या, कर्नाटकात २८ पैकी २६; केरळात वीसच्या वीस काँग्रेस आघाडीकडे. याचे कारण दक्षिणेला स्वातंत्र्याचे मोल कमी होते, असे सांगणारे उत्तरेकडचे पंडित भेटतात, आणि ते त्यांच्या अहंकाराला शोभून दिसते. आणीबाणीचा हात उत्तरेत सामान्य माणसाच्या अंगावर पडला, दक्षिणेत त्या प्रमाणात पडला नाही, हे त्याचे सरळ कारण आहे. १९७६-७७ या वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यातल्या सक्तीच्या कहाण्या मुख्यतः हिंदी पट्ट्यातल्या आहेत. जाता जाता आपल्या घरचेही सांगितले पाहिजे : सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे विधिमंडळ महाराष्ट्राचे होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. आणीबाणीला उघड विरोध झाला त्या, दुर्गाबाई भागवतांच्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाची आठवण आपण अभिमानाने काढतो. या विधेयकाची आठवण काढताना आपला आवाज जरा खाली येतो.

आता उरतो मधला पट्टा, आणि माझ्या युक्तिवादाचे सारे वजन तिथे आहे. जनता पक्षाच्या २९५ पैकी उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, हरयाणा, दिल्ली, हिमाचल आणि पंजाब मिळून २२२ होतात. बाकीच्या ७३ मध्ये महाराष्ट्राच्या १९, गुजरातच्या १६, आणि ओडिशा व पश्चिम बंगालच्या प्रत्येकी १५ आहेत. सत्ता उत्तरेने हिरावून घेतली, पण ती जनता पक्षाच्या हाती पोहोचवली या चार राज्यांनी. महाराष्ट्रात १९७१ ला काँग्रेसने ४५ पैकी ४२ जागा घेतल्या होत्या. १९७७ ला ४८ पैकी २० मिळाल्या. हा आकडा उत्तरेसारखा शून्य नाही, आणि दक्षिणेसारखा भरघोसही नाही. विरोधकांच्या २८ कशा होत्या ते पाहा : जनता पक्ष १९, शेतकरी कामगार पक्ष ५, मार्क्सवादी ३, आणि रिपब्लिकन पक्षाचा खोब्रागडे गट १. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर एकाच मुंबईतून एकाच वेळी दिल्लीला गेल्या. एक समाजवादी, दुसरी मार्क्सवादी. मृणालताईंवरच्या ‘पानीवाली बाई दिल्ली में’ या घोषणेत जी मौज आहे ती आहेच, पण त्या दोघींपुढे एकमेकींच्या पक्षाचा उमेदवार उभा नव्हता, ही त्या मौजेची पूर्वअट होती. घोषणेपासून मतदानाच्या पहिल्या दिवसापर्यंत ५७ दिवस होते. रायगडचा शेकाप, ठाण्याचे मार्क्सवादी, विदर्भातले रिपब्लिकन, कोकणातले दंडवते आणि पुण्यातले मोहन धारिया यांना इतक्या दिवसांत एका ओळीत बसवणे ही लाट नव्हती, कारागिरी होती. आणि कारागिरी फसू शकते.

ती फसली असती तर काय झाले असते, याचा पुरावा कल्पनेतून काढायची गरज नाही. तो वर्षभरातच आपल्याच राज्यात तयार झाला. फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला २८८ पैकी ९९ जागा मिळाल्या. काँग्रेस तोवर दुभंगली होती. एका तुकड्याला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. दिल्लीत जनता सरकार, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या सुनावण्या चालू, काँग्रेसचे दोन तुकडे, इतके सारे अनुकूल असूनही महाराष्ट्राने जनता पक्षाला बहुमत दिले नाही. दोन्ही काँग्रेस मिळून सरकार बनले आणि जुलैत ते पडले. गुजरातचे उदाहरण याहून मोलाचे, कारण ते आणीबाणीच्या आधीचे आहे. जून १९७५ मध्ये तिथे विरोधकांचा जनता मोर्चा एकजुटीने लढला आणि १८२ पैकी ८६ जागांवर अडला, काँग्रेसला ७५. म्हणजे एकी होती, राग मध्यम होता, आणि निकाल त्रिशंकू लागला. तो निकाल १२ जूनला आला, इंदिरा गांधींची निवड रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निवाड्याच्याच दिवशी, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याला ओळ मिळते. खरे तर त्याला स्वतंत्र प्रकरण हवे. बंगालची गोष्ट निराळी. लोकसभेला जनता पक्ष आणि मार्क्सवादी यांचा समझोता होता; त्याच वर्षी, जून १९७७ मध्ये, विधानसभेला तो मोडला, आणि मार्क्सवाद्यांना १७८, जनता पक्षाला २९, काँग्रेसला २० जागा मिळाल्या. म्हणजे बंगालात समझोता मार्चमध्येच मोडला असता तर त्या १५ जागा काँग्रेसकडे गेल्या नसत्या, डाव्यांकडे गेल्या असत्या. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण जनता पक्षाचे बहुमत जाण्यासाठी त्या जागा काँग्रेसकडे जाण्याची गरजच नव्हती. २९५ मधून २४ वजा झाल्या की पुरे.

यावर एक चांगला आक्षेप आहे. एकीला एवढे महत्त्व असेल तर १९७१ ला ती कुठे गेली? तेव्हाही संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि समाजवादी यांची बडी आघाडी झाली होती, आणि काँग्रेसने ५१८ पैकी ३५२ जागा घेऊन तिचा पालापाचोळा केला. आक्षेप खरा आहे. एकी पुरेशी नसते. रागावाचून ती गणित राहते. काँग्रेसची मते १९७१ ला ४३.७ टक्के होती, १९७७ ला ३४.५, ही नऊ टक्क्यांची घसरण जागावाटपाने झालेली नाही, ती माणसांनी केली. मी एकीला कारण म्हणत नाही, मोजमाप म्हणतो. काँग्रेस हरणार की नाही, हे रागाने ठरवले. किती हरणार आणि पलीकडचा किती जिंकणार, हे जागावाटपाने. २०१४ ला ३१ टक्के मतांवर एका पक्षाला स्वबळाचे बहुमत मिळाले, आणि १९७७ ला ३४.५ टक्के मते घेणारी काँग्रेस १५४ वर थांबली. मते आणि जागा यांच्यामध्ये विरोधकांची मांडणी बसलेली असते, ती अशी.

जगजीवनराम यांच्याकडे या हिशेबात थोडे थांबावे लागते. जुलै १९७५ मध्ये आणीबाणीला मान्यता देणारा ठराव लोकसभेत मांडणारे मंत्री तेच. २ फेब्रुवारी १९७७ ला राजीनामा देऊन बाहेर पडणारेही तेच. हेमवतीनंदन बहुगुणा आणि नंदिनी सत्पथी यांना घेऊन त्यांनी पक्ष काढला, आणि जनता पक्षाशी समझोता केला. ते आतच राहिले असते तर किती मते फिरली असती, हे मोजायला साधन नाही, म्हणून मी ते मोजत नाही. पण ते बाहेर पडून निराळे लढले असते, हा बदल छोटा आहे आणि अगदी शक्य होता. तसे झाले असते तर त्रिशंकू सभागृहात किल्ल्या त्यांच्या हाती असत्या. प्रत्यक्षात पंतप्रधान कोण, हे जयप्रकाश आणि कृपलानी यांनी ठरवले आणि मोरारजी झाले. किल्ल्या हाती असलेल्या माणसाला कुणी असे परस्पर डावलत नाही. दलित समाजातला पंतप्रधान मार्च १९७७ मध्येच झाला असता, अशी एक शक्यता या वाटेवर आहे. पण तो कुणाच्या पाठिंब्यावर झाला असता, हा प्रश्न मागोमाग येतो, आणि उत्तर दोन्हीकडून येऊ शकते.

कारण अल्पमतातले सरकार चालवण्याचा देशातला सर्वांत ताजा अनुभव इंदिरा गांधींच्या खाती जमा होता. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर सुमारे २२० खासदारांवर त्यांनी कम्युनिस्ट आणि द्रमुक यांच्या टेकूने एक वर्षाहून अधिक काळ राज्य केले होते. समजा, मधल्या पट्ट्यातल्या जागावाटपात खोट येऊन काँग्रेस १८० ते २०० वर गेली असती. अण्णा द्रमुकचे १८ बरोबर होतेच. रायबरेली गेली म्हणून वाट बंद होत नव्हती. १९६६ ला त्या पंतप्रधान झाल्या तेव्हा राज्यसभेच्याच सदस्य होत्या. आणि त्या नको असत्या तर यशवंतराव चव्हाण होते, जे प्रत्यक्षात विरोधी पक्षनेते झाले. १९७९ ला मोरारजींचे सरकार पडल्यावर राष्ट्रपतींनी पहिले निमंत्रण चव्हाणांनाच दिले होते, आणि त्यांनी ते बेरीज जमत नाही म्हणून परत केले. मराठी माणूस पंतप्रधान का झाला नाही, यावर आपल्याकडे सतत हळहळ होते. ती हळहळ करणाऱ्यांनी १९७९ बरोबर १९७७ ची ही न उघडलेली खिडकीही बघावी, आणि मग ती उघडली नाही याबद्दल देवाचे आभार मानावेत की नाही ते ठरवावे.

कुणी म्हणेल, हे फार काळे रंगवणे झाले. ज्या बाईंनी स्वतः होऊन निवडणूक घेतली, हरल्यावर मुकाट्याने राजीनामा दिला, त्या त्रिशंकू निकालातही दूर झाल्या असत्या. असेल. माझा युक्तिवाद त्यांच्या मनावर अवलंबून नाही, त्या मार्चमधल्या कायद्यावर आहे. तेव्हाच्या ३५२ व्या कलमाप्रमाणे दोन्ही सभागृहांनी एकदा मान्यता दिली की आणीबाणीला मुदत नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, ही अट पुढची आहे. नव्या लोकसभेला ठराव करून ती उठवता येईल अशी तरतूदही नव्हती. राष्ट्रपतीच ती उठवू शकत, आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यांना मंत्रिमंडळाचा सल्ला उघड शब्दांत बंधनकारक केला होता. त्या महिन्यात राष्ट्रपतीही पूर्णवेळ नव्हते. फक्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारीला वारले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती काम पाहत होते. हेच जत्ती एप्रिलमध्ये नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर सही करताना अडखळले, आणि समोर स्पष्ट बहुमताचे सरकार होते म्हणून शेवटी सही झाली. स्पष्ट बहुमत नसते तर? केंद्रात त्रिशंकू निकाल लागला तर कुणाला बोलवायचे, याचा एकही दाखला तोवर नव्हता. पहिला आला १९८९ मध्ये. तोवर काळजीवाहू मंत्रिमंडळ कोणाचे? इंदिरा गांधींचेच. राज्यसभेत बहुमत कोणाचे? काँग्रेसचे. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पुढे ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घातले, जीविताचा हक्क कुठल्याही आणीबाणीत गोठवता येणार नाही असे लिहिले. पण ती राज्यसभेतून काढायला काँग्रेसच्या मतांची गरज पडली आणि तिथे पाच कलमे गळालीच. हे झाले बहुमतवाल्या सरकारचे.

आणीबाणी जनता सरकारने उठवली, असे आपण सहज बोलून जातो. तसे झालेले नाही. मोरारजींचा शपथविधी २४ मार्चचा आहे. अंतर्गत आणीबाणी उठली २१ मार्चला, आणि ती उठवण्याचा सल्ला दिला तो निकाल पाहून बसलेल्या इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळाने. रात्रभर उत्तरेतून आकडे येत होते, आणि मधल्या पट्ट्यातले आकडे ती बेरीज २७२ च्या पलीकडे नेत होते. तेवीसच जागांनी, पण तेवढ्याने त्या मंत्रिमंडळापुढे दुसरा सल्ला देण्याचे कारण उरले नव्हते.